नागपूरच्या २७-२५ची गोष्ट

२०१७ साली रायपूरहून नागपूरला बसने जायचं तर पंडरीला यावं लागे. बसस्थानक तेव्हा पंडरीतच होतं, भाटागावला ते नंतर गेलं. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत गाडी पारडीवरून नागपुरात शिरते. अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. रायपूरच्या मराठी माणसाला हा रस्ता परका नाही. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून इकडे आलेली घराणी, तात्यापाऱ्यातले जुने वाडे, चौबे कॉलनीतलं १९३५ सालचं महाराष्ट्र मंडळ, या सगळ्यांचा एक पाय नागपुरात असतो. १९५६पर्यंत तर रायपूरची राजधानीच नागपूर होती. लग्नाची खरेदी, कोर्टकचेरी, दवाखाना, मुलांची कॉलेजं अशा कारणांनी माणसं नागपूरला जात आली. बॅडमिंटन पाहायला नागपूरला जावं, असं मात्र सहसा कुणाच्या मनात येत नसे.

त्या नोव्हेंबरात ते आलं. ८२वी राष्ट्रीय वरिष्ठ बॅडमिंटन स्पर्धा नागपूरला, कोराडी रोडवरच्या मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात भरली होती. अंतिम सामने ८ नोव्हेंबरला होते आणि तो बुधवार होता. नोटाबंदीला त्याच दिवशी वर्ष पूर्ण होत होतं. जुलैत जीएसटी आलेला, त्यामुळे पंडरीच्या कापड बाजारात वर्षभर दुसरा विषयच नव्हता. महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू समोरासमोर येणार, ही बातमी अशा दिवसांत आली.

या बातमीचं मोल कळायला राष्ट्रीय स्पर्धेची तेव्हाची अवस्था ठाऊक हवी. एके काळी भारतीय बॅडमिंटनमध्ये याहून मोठं काही नव्हतं. या खेळाचे नियम इंग्रज अधिकाऱ्यांनी १८७०च्या दशकात पुण्यात बसवले आणि खेळाला नावही आधी ‘पूना’ असंच पडलं होतं. चाळीसच्या दशकात महिलांच्या बॅडमिंटनवर पुण्याच्या देवधर भगिनींचं, म्हणजे क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधरांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींचं राज्य होतं. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी पुरुष एकेरीचं राष्ट्रीय अजिंक्यपद ६ वेळा जिंकलं. १९५६ साली क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे प्रकाश पदुकोण सलग ९ वर्षं राष्ट्रीय विजेता होता. १९८०मध्ये सय्यद मोदीने ती मालिका तोडली आणि मग स्वतः सलग ८ वर्षं जिंकला. महिलांमध्ये मुंबईच्या अपर्णा पोपटने ९ विजेतेपदं मिळवली. ही नावं लोकांच्या तोंडी होती, कारण हे खेळाडू गावोगावच्या राष्ट्रीय स्पर्धांत लोकांच्या डोळ्यांसमोर खेळत असत.

सुपर सीरिजचा जमाना आला आणि चित्र पालटलं. जागतिक क्रमवारीचे गुण, भरगच्च वेळापत्रक, गुडघे आणि खांदे सांभाळण्याची धडपड यांत राष्ट्रीय स्पर्धेला कोण विचारतो? सायनाची आधीची राष्ट्रीय विजेतेपदं २००६ आणि २००७ची, सिंधूची २०११ आणि २०१३ची. दोघी नावारूपाला आल्या त्या बाहेरदेशी, आणि आपण त्यांना पाहिलं ते टीव्हीवर. नागपूरच्या वेळी बॅडमिंटन महासंघाने स्पर्धेची रचना बदलली. अव्वल ८ मानांकितांना सुरुवातीच्या फेऱ्या माफ करून थेट उपउपांत्यपूर्व फेरीत घेतलं, म्हणजे चार दिवसांत त्यांचं काम आटोपावं. या सवलतीवर कुरकुर करता येईल. लहान गावातून पात्रता फेऱ्या खेळत आलेल्या पोरांना हा भेदभाव वाटला असेल तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण तिच्यामुळे सायना, सिंधू, किदंबी श्रीकांत, एच. एस. प्रणॉय हे सगळे एकाच वेळी एका छताखाली आले, हेही खरं.

सायना आणि सिंधू यांच्यात ५ वर्षांचं अंतर आहे. सायना १९९०ची, हिसारची. सिंधू १९९५ची, हैदराबादची. २०१२ला लंडनमध्ये सायनाने ऑलिंपिकचं कांस्य आणलं आणि गल्लीतल्या पोरींच्या हातात रॅकेट आलं. २०१५ला ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. २०१६च्या रिओत मात्र गुडघा दगा देत होता. गटातच युक्रेनच्या खेळाडूकडून ती हरली, घरी परतून शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्याच रिओत सिंधूने रौप्य जिंकलं. एका पंधरवड्यात देशाचं लक्ष एकीवरून दुसरीकडे गेलं. रसिकांत दोन तट पडले ते तिथून. जुने लोक सायनाचे, कारण वाट तिने पाडली. शाळकरी मुलं सिंधूची, कारण त्यांना कळू लागलं तेव्हा समोर सिंधू होती. एकाच घरात आई सायनाची आणि लेक सिंधूची, असंही दिसे. तिढा आणखी एक होता. पुल्लेला गोपीचंद दोघींचेही गुरू. २०१४मध्ये सायना त्यांना सोडून बंगळुरूला विमल कुमारांकडे गेली आणि २०१७च्या सप्टेंबरात, म्हणजे नागपूरच्या जेमतेम दोन महिने आधी, हैदराबादला परतली. तोवर त्या अकादमीत सिंधू मोठी झालेली होती.

समोरासमोरचे सामने मोजकेच झाले होते. २०१४च्या जानेवारीत लखनौला सय्यद मोदी स्पर्धेच्या अंतिम फेरीत सायनाने सरळ गेममध्ये जिंकलं. २०१७च्या इंडिया ओपनमध्ये दिल्लीत सिंधूने २१-१६, २२-२० असं हरवून उट्टं काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत सिंधू अंतिम फेरीत नोझोमी ओकुहाराकडून १९-२१, २२-२०, २०-२२ अशी हरली. ११० मिनिटांचा तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. त्याच ओकुहाराने उपांत्य फेरीत सायनाला थांबवलं होतं. जागतिक स्पर्धेत एकेरीच्या मंचावर दोन भारतीय एकत्र उभ्या राहण्याची ती पहिलीच वेळ. सिंधूच्या गळ्यात रौप्य होतं आणि सायनाच्या कांस्य.

म्हणून ८ नोव्हेंबरला मानकापूरचं सभागृह खचाखच भरलं, यात नवल नव्हतं. सायना उपांत्य फेरीत गोव्याच्या अनुरा प्रभुदेसाईला २१-११, २१-१० असं सहज हरवून आली होती. सिंधूला ऋत्विका शिवानीने पहिल्या गेममध्ये १७-२१ असा धक्का दिला, मग ती सावरली. कागदावर सिंधूचं पारडं जड होतं. ती जगात दुसऱ्या क्रमांकाच्या घरात होती, सप्टेंबरात तिने कोरिया ओपन जिंकली होती, आणि सायना अजून शस्त्रक्रियेतून पूर्ण वर यायची होती.

भारतीय प्रेक्षकाला क्रिकेटने एक सवय लावली आहे. एक बाजू आपली, दुसरी परकी. आपला चौकार आला की ओरडायचं, परक्याचा आला की हात बांधून बसायचं. ही सवय नागपुरात चालणार नव्हती. दोघी आपल्या, दोघींनी देशाला पदक दिलेलं. सिंधूचा स्मॅश उतरला तर टाळी वाजवायची की सायनासाठी हळहळायचं? बाजू तर हवी, पण बाजू घेणं म्हणजे दुसऱ्या आपल्या पोरीच्या विरुद्ध ओरडणं. तो सामना पाहणाऱ्या प्रत्येकाला हा पेच होता, आणि मला वाटतं त्या दुपारची खरी गंमत त्या पेचात होती.

सिंधू जवळपास सहा फूट उंच. ती उडी घेऊन मारते तेव्हा शटलचं फूल उंचावरून तिरपं खाली येतं. सायना तिच्याहून बरीच बुटकी, पण पायाला पक्की. फूल परत करत राहायचं, समोरचीला मागच्या कोपऱ्यात रेटायचं, मग अर्धा स्मॅश नाहीतर तिरका ड्रॉप, असा तिचा खेळ. पहिला गेम तिने २१-१७ असा घेतला. इथवरचा सामना आठवणीत राहण्यासारखा खरा, पण आख्यायिका व्हावी असा नव्हता.

दुसरा गेम वेगळाच निघाला. तो २७-२५वर संपला. हा आकडा जरा जवळून पाहायला हवा, कारण नुसत्या आकड्यात सगळा प्रसंग भरलेला आहे. २००६पासून गेम २१ गुणांचा असतो. दोघी २०-२०वर आल्या तर सलग दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते, आणि ३० ही शेवटची हद्द. म्हणजे २७-२५ होण्यासाठी २०-२० व्हावंच लागतं, मग २१-२१, २२-२२, २३-२३, २४-२४, २५-२५. यांतली एक जरी बरोबरी चुकली असती तर गेम तिथेच संपला असता. सहा वेळा पंचाने बरोबरीचा पुकारा केला. प्रत्येक बरोबरीनंतरचा गुण जिच्याकडे गेला तिच्या हातात सर्व्हिस, आणि पंचाच्या तोंडी सायनासाठी ‘मॅच पॉइंट’ नाहीतर सिंधूसाठी ‘गेम पॉइंट’. १९-२०पासून मोजलं तर त्या गेममध्ये निदान ७ रॅली अशा झाल्या की त्यांतली कुठलीही एक शेवटची ठरू शकली असती. एका बाजूने संपली असती तर सायना विजेती. दुसऱ्या बाजूने संपली असती तर तिसरा गेम, आणि तिसऱ्या गेममध्ये सायनाचा गुडघा आणि सिंधूची पाच वर्षांनी तरुण छाती.

बॅडमिंटनच्या सभागृहात सर्व्हिसच्या क्षणी आवाज थांबावा लागतो. पंच हात वर करून गप्प करतो, फोन बंद करायला लावतो. पाच ग्रॅमच्या आसपासचं ते सोळा पिसांचं फूल, त्याला पंख्याची झुळूकही चालत नाही. रॅली सुरू झाली की लोक प्रत्येक फटक्याला श्वास सोडतात, आणि फूल जमिनीला टेकलं की गलका उसळतो. क्रिकेटच्या मैदानात आवाज दिवसभर एकसारखा चालू असतो. इथे गलका, मग लगेच टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, मग पुन्हा गलका, असं सात-सात वेळा होतं. मांडीवर ठेवलेले हात कधी मुठी होतात ते माणसाला कळत नाही. सिंधूची बाजू घेऊन आलेल्या माणसालाही २३-२३ला सायनाने काढलेलं एखादं फूल पाहून ‘वा’ निघून जातं. अशा रॅलीत बाजू टिकवणं अवघड असतं.

२५-२५नंतरचे दोन्ही गुण सायनाचे. २६-२५ला सर्व्हिस तिच्या हाती होती, आणि पुढच्या रॅलीत सामना संपला. ५४ मिनिटांत ९० गुण खेळले गेले. त्यांतले ४८ सायनाने घेतले आणि ४२ सिंधूने. सरळ दोन गेम म्हटलं की सामना एकतर्फी झाला असेल असं वाटतं. हा तसा मुळीच नव्हता. सायनाचं हे तिसरं राष्ट्रीय अजिंक्यपद, आधीच्यानंतर दहा वर्षांनी आलेलं.

त्या दिवशी बाकीचे अंतिम सामनेही काही कमी नव्हते. पुरुष एकेरीत, आदल्याच महिन्यात डेन्मार्क आणि फ्रान्सच्या स्पर्धा जिंकून जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलेल्या किदंबी श्रीकांतला एच. एस. प्रणॉयने २१-१५, १६-२१, २१-७ असं हरवलं. पुरुष दुहेरीत मनू अत्री आणि सुमित रेड्डी यांनी पहिला गेम गमावून सात्विकसाईराज आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांना २२-२०, २५-२३ असं रोखलं. पुढे जग गाजवणारी सात्विक-चिराग जोडी तेव्हा कोवळी होती, आणि तिला तिच्या वयाचा पराभव नागपुरात भेटला. महिला दुहेरीत महाराष्ट्राच्या संयोगिता घोरपडे आणि प्राजक्ता सावंत अंतिम फेरीत आल्या होत्या. अश्विनी पोनप्पा आणि सिक्की रेड्डी यांच्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. अश्विनीने सात्विकबरोबर मिश्र दुहेरीही जिंकली. पण दुसऱ्या दिवशी पानाच्या ठेल्यावर बोलणं होतं ते एकाच सामन्याचं. बॅडमिंटनचा ‘ब’ न जाणणाराही ‘सत्तावीस-पंचवीस’ म्हणत होता.

मग वाद सुरू झाले. सायनावाले म्हणत, मोठ्या प्रसंगी मन कुणाचं खंबीर, बघा. सिंधूवाले म्हणत, वर्षभर एकामागून एक अंतिम सामने खेळून दमलेली पोर, घरच्या स्पर्धेत किती जोर लावणार? या दुसऱ्या बोलण्यात मला अन्याय दिसतो, आणि तो सिंधूवरच अन्याय आहे. सहा बरोबऱ्या ओढणारी खेळाडू जोर न लावता खेळत नसते. सिंधू मनापासून लढली आणि हरली, असं म्हणण्यातच तिचा मान आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच दोघी पुन्हा अंतिम फेरीत भेटल्या. सायनाने २१-१८, २३-२१ असं सुवर्ण घेतलं. नागपूर पाहिलेल्यांना तो दुसरा गेम ओळखीचा वाटला असणार. २०१९च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा तीच जोडी, पुन्हा सायनाच, २१-१८, २१-१५. त्या स्पर्धेत कोर्टच्या खडबडीत पृष्ठभागावर खेळायला सायनाने नकार दिला, सामना संध्याकाळवर ढकलावा लागला, आणि मोठ्या खेळाडूंना राष्ट्रीय स्पर्धा का नकोशी होते याचं एक कारण सगळ्यांना दिसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिंधूने बासेलला ओकुहाराला २१-७, २१-७ असं झोपवून जागतिक अजिंक्यपद मिळवलं. ग्लासगोची भरपाई तिने ३८ मिनिटांत केली. सायनाची अजिंक्यपदं आणि सिंधूची अजिंक्यपदं एकाच तराजूत घालण्याचा हट्ट त्यानंतर निदान माझ्या ओळखीच्या लोकांत ओसरला.

नागपूरसाठी या गोष्टीला आणखी एक फाटा आहे. ८ नोव्हेंबर २०१७ला नागपूरची मालविका बनसोड १६ वर्षांची होती. २०२२च्या जानेवारीत दिल्लीला इंडिया ओपनच्या दुसऱ्या फेरीत तिने सायनाला २१-१७, २१-९ असं हरवलं, आणि महिना संपायच्या आत लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत अंतिम फेरीत सिंधूसमोर उभी राहिली. तिथे ती हरली. मानकापूरला लोकांनी ज्या दोघींचा सामना पाहिला, त्या दोघींशी शहराची स्वतःची पोर एका महिन्यात खेळली. यापेक्षा मोठं बक्षीस नागपूरच्या बॅडमिंटनला कुणी दिलं असतं?

रायपूरला असा दिवस पुण्याने दाखवला. दुर्गची आकर्षी कश्यप, जन्म २००१चा. दुर्ग पंडरीहून नागपूरच्याच रस्त्यावर, तासाभराच्या वाटेवर. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत मिश्र सांघिक रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघात ती होती. २०२३च्या फेब्रुवारीत ८४वी राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा महिला एकेरीत तिला अव्वल मानांकन होतं. सिंधू नव्हती, सायना नव्हती. सभागृहाबाहेर त्या सामन्याची फारशी चर्चाही झाली नाही. अंतिम फेरीत समोर हरियाणाकडून खेळणारी अनुपमा उपाध्याय, नुकतीच १८ वर्षांची झालेली. पहिला गेम आकर्षीने २२-२० असा घेतला. दुसरा अनुपमाने २१-१७. तिसऱ्यात २०-२०, २१-२१, २२-२२. पुढचे दोन्ही गुण अनुपमाचे, २४-२२. तीन गेममध्ये १२६ गुण खेळले गेले. अनुपमाचे ६५, आकर्षीचे ६१.

सायना आणि सिंधू खेळत होत्या तेव्हा बाजू आम्हाला निवडावी लागली होती. कुणी वयाने निवडली, कुणी स्वभावाने, आणि त्यामुळे निकाल काही लागला तरी अर्धा आनंद पदरात पडणारच होता. पुण्याच्या सामन्यात निवड नव्हती. आपल्या वाटेवरच्या गावची मुलगी देशाच्या अजिंक्यपदापासून दोन गुण दूर होती आणि तिसऱ्या गेममध्ये २२-२० झालं नाही, २३-२१ही झालं नाही. हरलेल्या बाजूचं दुःख नागपुरात सिंधूवाल्यांनी कसं सोसलं असेल, ते छत्तीसगडच्या बॅडमिंटनवेड्यांना २०२३च्या त्या फेब्रुवारीत पहिल्यांदा अंगावर कळलं.